उम्मे सलमा नक्की कोण होत्या? (मुलीच्या मैत्रिणीच्या नावावरून पडलेला प्रश्न)

चिंचवडची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

माझी मुलगी चौथीत आहे. यंदा तिच्या वर्गात एक नवीन मुलगी आलीये, नाव उम्मेसलमा. वर्गात सगळे तिला सलमाच म्हणतात, बाईसुद्धा. परवा ती आमच्याकडे खेळायला आली तेव्हा मीपण सवयीने "सलमा, पोहे खाशील का गं" म्हटलं, तर ही एवढीशी पोर कमरेवर हात ठेवून मला म्हणते, "काकू, माझं नाव सलमा नाही, उम्मेसलमा आहे. सलमा तर मुलगा होता." मी गारच पडले. मग पोहे खाताखाता तिने मला गोष्ट सांगितली, की उम्मेसलमा म्हणजे खूप पूर्वीची मोठी बाई होती आणि एकदा सगळे लोक रुसून बसले होते, नबींचंसुद्धा (म्हणजे पैगंबरांचं) ऐकत नव्हते, तेव्हा नबींनी हिला विचारलं आणि ही म्हणाली तसं केलं आणि मग सगळे उठले. एवढं बोलून ती लिंबू पिळायला विसरले म्हणून उठून गेली आणि गोष्ट तिथेच राहिली.

आता मला खदीजा माहितीयेत, आयेशा नावाने माहितीयेत, फातिमा मोहरममुळे. उम्मे सलमा हे मी नुसतं नाव म्हणून ऐकलं होतं, कोणाचं ते नाही. गूगल केलं तर एक पान म्हणतं त्या फार हुशार होत्या, दुसरं म्हणतं फार धार्मिक होत्या, तिसरं म्हणतं पैगंबरांच्या पत्नींमध्ये सगळ्यात शेवटी वारल्या. अहो पण काय केलं त्यांनी? पोरीच्या आईला विचारायला जरा संकोच वाटतोय, ओळख अजून रिक्षावाल्याच्या ग्रुपपुरतीच आहे. इथे कोणी नीट सांगेल का? आणि ते रुसून बसल्याचं खरंय का पोरीने स्वतःचं काहीतरी घातलंय?

दापोली_ते_दोहा

ताई, पोर शंभर टक्के बरोबर बोललीये, तिला माझ्याकडून एक मोठं चॉकलेट द्या.

आधी नावाचं सांगते. त्यांचं स्वतःचं नाव हिंद, हिंद बिन्त अबी उमय्या. अरबांमध्ये मुलाच्या नावावरून आईबापाला हाक मारायची रीत, मुलगा सलमा म्हणून आई उम्मे सलमा आणि बाप अबू सलमा. आपल्याकडे वाडीत कशी एखादी बाई सगळ्यांना 'बाळ्याची आई' म्हणूनच ठाऊक असते तसंच, फक्त तिकडे ती मानाची हाक. मुलीचं सलमा नाव अरबीत वेगळं लिहितात, मराठीत दोन्ही सारखीच दिसतात म्हणून हा सगळा घोळ.

घराणं मक्केतल्या कुरैशांमधलं बनू मखझूम, पैसेवाले आणि दबदब्याचे लोक. वडिलांना लोकांनी नाव दिलं होतं 'वाटसरूंची शिदोरी', कारण त्यांच्यासोबत प्रवासाला निघालं की बाकी कोणी खायचं बांधून न्यायचंच नाही, सगळ्यांचं खाणं त्यांच्याकडे. अशा घरातली लेक. नवरा अबू सलमा, पैगंबरांचा (सल्ल., हे आदराने म्हणतात) आतेभाऊ आणि दूधभाऊसुद्धा. दोघं नवराबायको अगदी सुरुवातीला मुसलमान झालेल्यांपैकी, मक्केत त्रास वाढला तेव्हा हबशात म्हणजे आताच्या इथिओपियाच्या बाजूला गेले, ती साधारण ६१५ ची गोष्ट, मग परत मक्केला आले आणि परत तोच त्रास.

आता खरी गोष्ट. ही मला आमच्या नानीने सांगितलेली, आणि नानी सांगताना दर वेळी इथे पदर डोळ्याला लावायची. मदिनेला निघायचं ठरलं. नवऱ्याने उंटावर खोगीर चढवलं, बायकोला बसवलं, तिच्या मांडीत लहानगा सलमा, आणि स्वतः पुढे दोरी धरून चालायला लागला. तेवढ्यात माहेरचे लोक आडवे आले. म्हणाले, तुला जायचंय तर जा बाबा, पण आमची मुलगी गावोगाव फिरवायला तुला कशी देऊ? आणि उंटाची दोरी त्याच्या हातातून हिसकावून घेतली. हे बघून सासरचे चिडले, म्हणाले तुम्ही आमच्या माणसाची बायको ठेवून घेता काय, मग आमचं पोर आम्ही तुमच्याकडे ठेवणार नाही. आणि दोन्हीकडून त्या लेकराची ओढाओढ. इतकी, की त्याचा हात निखळला. शेवटी पोर सासरच्यांनी नेलं, बाई माहेरच्यांनी, आणि नवरा एकटा मदिनेला गेला. एका सकाळी एका घराचे तीन तुकडे.

त्यानंतर रोज सकाळी त्या घराबाहेर पडून अब्तहच्या मोकळ्या जागेत जाऊन बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत रडायच्या. एक दिवस दोन दिवस नाही हो, जवळजवळ वर्षभर. शेवटी त्यांच्याच एका चुलतभावाला ते बघवेना, तो घरच्यांना म्हणाला ह्या बिचारीला का अडकवून ठेवलंय, नवऱ्यापासून तोडलंत, पोरापासून तोडलंत. मग घरच्यांनी सांगितलं, जा तुझ्या नवऱ्याकडे. सासरच्यांनीही पोर आणून दिलं.

आणि ह्या निघाल्या. एकट्या. उंट, मांडीत पोर, बरोबर एकही माणूस नाही. मक्का ते मदिना सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, आता ट्रेनने दोन-अडीच तासात होतं ते. तन्ईमपर्यंत पोचल्या (उमराहला म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला गेलेल्यांना माहीत असेल, जिथे मस्जिदे आयशा आहे आणि आपण एहराम, म्हणजे यात्रेची वस्त्रं, बांधायला जातो तेच), तिथे उस्मान भेटले. त्यांनी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाल्या, मदिनेला नवऱ्याकडे. बरोबर कोण? म्हणाल्या, अल्लाह आणि हा माझा मुलगा. तो म्हणाला, तुला असं सोडता येणार नाही. आणि उंटाची दोरी हातात घेऊन चालायला लागला, थेट मदिनेपर्यंत.

पुढचं रात्री लिहिते, इथे आता डबे भरायची वेळ झाली.

शंकासुर

गोष्ट छान आहे. दोन शंका. एक, हा उस्मान म्हणजे तेच ना, पुढे तिसरे खलिफा झाले ते? आणि दोन, हे सगळं दीड-दोनशे वर्षांनी कोणीतरी बसून लिहिलेलं असणार, तर हात निखळला बित निखळला हे इतकं बारीक कुणाला आठवणार. कोणाच्या भावना दुखवायच्या नाहीयेत, सहज विचारतोय.

जुनी_पोथी

@शंकासुर, तोंड उघडलंत ते बरं झालं, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

खलिफा झाले ते उस्मान बिन अफ्फान. हे उस्मान बिन तल्हा, वेगळे. ह्यांचं घराणं काबागृहाच्या किल्ल्या सांभाळणारं, आणि गंमत म्हणजे त्याच कुळाकडे, बनू शैबांकडे, आजही किल्ली आहे. मुद्दा हा की त्या वेळी हे उस्मान मुसलमान नव्हते. ते हिजरी ८ मध्ये (मदिनेच्या स्थलांतरापासूनचं आठवं वर्ष, साधारण इ.स. ६२९) मुसलमान झाले, म्हणजे ह्या प्रवासानंतर किती वर्षांनी बघा. उलट पुढे उहुदच्या लढाईत ह्यांच्याच घरातली माणसं मक्केचं निशाण धरून मुसलमानांविरुद्ध पडली. असा विरुद्ध बाजूचा माणूस, आणि तो एका परक्या बाईला पोहोचवायला इतकं चालला.

प्रवासाचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे. मुक्काम आला की तो उंट बसवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. ती उतरली की येऊन उंटावरचं सामान उतरवायचा, उंट झाडाला बांधायचा आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन आडवा व्हायचा. निघायची वेळ झाली की उंट सजवून आणून उभा करायचा, बाजूला व्हायचा आणि म्हणायचा, बस. ती नीट बसली की मग येऊन दोरी धरायचा. मदिनेच्या अलीकडे कुबा गाव दिसलं तेव्हा म्हणाला, तुझा नवरा ह्या गावात आहे, जा. आणि स्वतः आल्या पावली मक्केला परत. गावात पाऊलसुद्धा टाकलं नाही. पुढे उम्मे सलमा म्हणायच्या, उस्मान बिन तल्हापेक्षा सभ्य सोबती मी पाहिला नाही.

आता दुसरी शंका. हे येतं इब्न इसहाकच्या पैगंबर-चरित्रात, तो मदिनेचाच, इ.स. ७६७ च्या आसपास वारला, त्याचं पुस्तक आपल्यापर्यंत मुख्यतः इब्न हिशामने संपादून पोहोचलं. म्हणजे लिखाण नंतरचं हे तुमचं बरोबर. पण त्याने ही गोष्ट कोणाकडून घेतली ते बघा. त्याच्या वडिलांकडून, आणि त्यांनी उम्मे सलमांच्या पणतूकडून. त्या पणतूचं नाव काय, तर सलमा. त्या घरात पणतूपर्यंत नाव फिरत होतं आणि गोष्टही. आपल्या घरात पणजीने फाळणीत किंवा प्लेगात काय भोगलं ते जसं पिढ्यान्‌पिढ्या तेच तेच तपशील घेऊन येतं, तसा हा प्रकार. मुलाचा हात निखळला हे इतिहासकार विसरेल, ते घर नाही विसरणार. इतिहासाच्या कसोटीवर घासून बघायला हरकत नाही, पण ही गोष्ट प्रथमपुरुषी आहे, 'मी' म्हणून सांगितलेली, आणि तो आवाज त्यात ऐकू येतो असं माझं मत.

हबशात राजा नजाशीच्या दरबारात निर्वासितांच्या वतीने जाफरने केलेलं भाषण सगळ्यांना माहीत असतं, तेही ह्यांच्याच तोंडून आलंय. मक्केवाल्यांनी निर्वासितांना परत मागायला दोन माणसं पाठवली, राजाला आवडतात म्हणून कातडी सामानाच्या भेटी घेऊन, आणि आधी एकेका सरदाराला गाठून भेट चारून ठेवली की राजाने विचारलं तर आमच्या बाजूने बोला. हे भेटी आधी चारण्याचं बारीक निरीक्षण एका निर्वासित बाईचं आहे. मग जाफरने कुरआनातला मरियमचा सूरा (अध्याय) म्हटला तेव्हा राजा इतका रडला की दाढी भिजली, आणि त्याने भेटी परत करायला लावल्या.

चिंचवडची_आई

बाप रे. मला वाटलं चार ओळीत उत्तर येईल. ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय आणि त्या झाडाखाली झोपणाऱ्या माणसावर अडकलेय. दापोलीताई, पुढचं लिहा ना.

दापोली_ते_दोहा

आले गं आले, भांडी झाली.

मदिनेत संसार परत लागला. चार मुलं, सलमा, उमर, झैनब, दुर्रा. मग ६२५ ला उहुदची लढाई, त्यात अबू सलमा जखमी झाले. जखम भरली असं वाटलं, दुसऱ्या मोहिमेवर जाऊन आले आणि ती परत फुटली, त्यातच गेले. पैगंबरांनी (सल्ल.) स्वतः त्यांचे डोळे मिटले.

आता नवऱ्याकडून त्यांनी एक दुआ ऐकली होती, संकटात म्हणायची, की अल्लाह मला ह्या दुःखाचा मोबदला दे आणि जे गेलं त्यापेक्षा चांगलं दे. ती त्यांनी म्हटली. पण म्हणताना मनात आलं ते त्यांनी लपवलं नाही, की अबू सलमापेक्षा चांगला कोण असणार आहे? आमच्या नानीला हे फार आवडायचं, म्हणायची दुआ मागताना पण बाई खरं बोलली.

इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर थांबायचा काळ, संपल्यावर मागण्या आल्या, पैगंबरांचे जवळचे साथीदार अबू बकरांची आली, नाही म्हणाल्या, तसेच दुसरे साथीदार उमर बिन खत्ताब (मुलगा उमर नव्हे) ह्यांची आली, नाही म्हणाल्या. मग खुद्द पैगंबरांचा निरोप आला. इथे कोणी पण लगेच हो म्हणेल ना? ह्यांनी तीन अडचणी सांगितल्या. माझं वय झालंय. माझा स्वभाव असूयेचा आहे. आणि माझ्या पदरी पोरं आहेत. उत्तर आलं, वयाचं म्हणशील तर मी तुझ्यापेक्षा मोठा आहे, असूया अल्लाह दूर करो अशी मी दुआ करीन, आणि तुझी मुलं ती माझी मुलं. मग हो म्हणाल्या. ६२६ च्या सुमाराला निकाह झाला.

आणि लग्नाच्या रात्रीचं वर्णन जुन्या चरित्रकार इब्न सअदने दिलंय ते ऐका. त्यांना जी खोली मिळाली ती पैगंबरांच्या आधीच्या एक पत्नी झैनब बिन्त खुजैमा ह्यांची, त्या थोड्याच दिवसांपूर्वी वारल्या होत्या. खोलीत शोधलं तर एका मडक्यात थोडे जव, एक जातं, एक हंडी आणि थोडीशी चरबी. बस. ह्यांनी जव दळले, हंडीत शिजवले, वरून चरबी घातली आणि ते झालं लग्नाचं जेवण. तिथे लिहिलंय की संध्याकाळी नवरी म्हणून आलेली बाई रात्र सरताना जात्यावर बसली होती. वाटसरूंची शिदोरी म्हणवणाऱ्याची ही लेक! जात्यावर बसलेली नवरी म्हटल्यावर मला तर आपल्या ओव्याच आठवतात.

शंकासुर

@जुनी_पोथी मान्य, माझा उस्मान चुकला. पण एक सांगा, घरात आधीच दुसऱ्या बायका होत्या, आणि हिने आधीच सांगितलं की माझा स्वभाव असूयेचा. मग पुढे सगळं गोडच गोड झालं असेल हे मला पटत नाही.

जुनी_पोथी

गोडच गोड कोणी म्हटलं? जुनी पुस्तकं ह्याबाबतीत आपल्यापेक्षा मोकळी आहेत, पत्नींमधल्या कुरबुरी त्यांनी झाकून ठेवलेल्या नाहीत. एकदा ह्या कुरबुरींच्या संदर्भात उमर घरोघर जाऊन पैगंबरांच्या पत्नींना समज देत होते (एक पत्नी हफ्सा त्यांचीच मुलगी). उम्मे सलमा नात्यातल्या, म्हणून त्यांच्याकडेही गेले. तर ह्या म्हणाल्या, कमाल आहे तुझी खत्ताबच्या पोरा, तू सगळ्यातच नाक खुपसतोस, आता पैगंबर आणि त्यांच्या बायकांमध्येही? उमर म्हणजे ज्यांच्यापुढे भलेभले चळचळ कापायचे. ते पुढे स्वतः कबूल करतात की तिच्या त्या बोलण्याने माझा थोडा राग तिथेच उतरला आणि मी निघून आलो. हे बुखारीत, म्हणजे हदीसच्या (पैगंबरांच्या बोलण्यावागण्याच्या आठवणींच्या) प्रसिद्ध संग्रहात आहे.

निवृत्त_हेडमास्तर

मूळ प्रश्न राहूनच जातोय, तो रुसून बसण्याचा. मी मुसलमान नाही पण हा प्रसंग मी शाळेत शिक्षकांच्या प्रशिक्षणात अनेकदा सांगितलाय म्हणून लिहितो.

साल ६२८. पैगंबर साधारण चौदाशे माणसं घेऊन उमराह करायला मदिनेहून निघाले, लढायला नव्हे, एहराम बांधलेला, बळीचे उंट बरोबर. मक्केच्या अलीकडे हुदैबियाला कुरैशांनी अडवलं. बोलणी झाली, तह झाला. तह कसा, तर यंदा आल्या पावली परत जा, पुढच्या वर्षी या. मक्केतून कोणी पळून तुमच्याकडे आला तर परत द्यायचा, तुमच्याकडून कोणी आमच्याकडे आला तर आम्ही देणार नाही. कागदावर 'अल्लाहचा प्रेषित' असं लिहिलं तर समोरचा सुहैल म्हणाला, तसं मानत असतो तर अडवलं कशाला असतं, खोडा ते. खोडलं. आणि तेवढ्यात त्याच सुहैलचा मुलगा अबू जंदल, मुसलमान झाला म्हणून बापाने बेड्या घातलेला, तसाच फरफटत तिथे येऊन पडला की मला वाचवा. तहाप्रमाणे त्याला परत द्यावं लागलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आता चौदाशे माणसांचं काय झालं असेल विचार करा.

मग पैगंबर म्हणाले, उठा, बळी द्या आणि डोकी भादरा. म्हणजे यात्रा इथेच संपली. कोणी उठेना. दुसऱ्यांदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले. एकही माणूस जागचा हलला नाही. ज्यांच्या एका शब्दावर हीच माणसं जीव द्यायला तयार होती त्यांचं हे! ते तसेच आत उम्मे सलमांकडे गेले, त्या ह्या प्रवासात बरोबर होत्या, आणि त्यांना सांगितलं काय झालं ते.

त्या म्हणाल्या, तुम्हाला हे व्हायला हवंय ना? मग बाहेर जा, कोणाशी एक शब्द बोलू नका, आपला उंट कापा, न्हाव्याला बोलवा आणि स्वतःचं डोकं भादरून घ्या.

ते बाहेर गेले, कोणाशी बोलले नाहीत, तसंच केलं. ते बघितल्याबरोबर सगळे उठले, बळी दिले आणि एकमेकांची डोकी भादरायला लागले, आणि वर्णन असं आहे की दुःखाने इतके घायकुतीला आले होते की वाटावं एकमेकांना मारूनच टाकतील.

मी जे शिक्षकांना सांगायचो ते इथे सांगतो. त्या बाईंनी ओळखलं ते हे, की ही माणसं बंड करत नाहीयेत, ती आशा धरून बसलीयेत. जोपर्यंत साहेब फक्त बोलतोय तोपर्यंत निर्णय बदलेल असं माणसाला वाटत राहतं. साहेबाने स्वतःचं डोकं भादरलं की विषय संपला. चौथ्यांदा सांगितलं असतं तर चौथ्यांदाही कोणी उठलं नसतं. आणि दुसरं, त्या 'लोकच वाईट' असंही म्हणाल्या नाहीत, तुम्ही चुकलात असंही म्हणाल्या नाहीत. मी चौतीस वर्षं नोकरी केली, असा सल्ला देणारा एक उपमुख्याध्यापक मला मिळाला नाही. असो.

तेव्हा @चिंचवडची_आई, पोरीने काहीही पदरचं घातलेलं नाही. 'रुसून बसले होते' हा शब्द मात्र मी आता वापरणार.

दापोली_ते_दोहा

सर, काय लिहिलंत.

मला अजून एक सांगायचंय नाहीतर झोप येणार नाही. उम्मे सलमांनी एकदा पैगंबरांना सरळ विचारलं की कुरआनात पुरुषांचा उल्लेख होतो तसा आम्हा बायकांचा का होत नाही? विचारून झालं, दिवस गेले. मग एके दिवशी त्या केस विंचरत होत्या आणि मशिदीतून मिंबरवरून (व्यासपीठावरून) आवाज आला. केस तसेच गोळा केले, खोलीच्या दाराशी गेल्या (घरं मशिदीला लागूनच होती) आणि खजुराच्या फांद्यांच्या त्या आडोशाला कान लावला. तर कुरआनातली आयत (वचन) ऐकू येत होती, "मुस्लिम पुरुष आणि मुस्लिम स्त्रिया, ईमानवाले पुरुष आणि ईमानवाल्या स्त्रिया..." अशी एकामागून एक दहा जोड्या आहेत त्यात. सूरा अहजाब, आयत ३५. आमच्याकडे तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, ही आयत आली की माझी आई मला कोपराने ढोसायची.

आणि अजून एक आहे, केस विंचरण्याचंच, मला आधी वाटायचं दोन्ही एकच. हे सहीह मुस्लिम ह्या हदीसच्या संग्रहातलं. एक दासी त्यांचे केस विंचरत होती आणि बाहेरून हाक आली, "लोकहो!" ह्या दासीला म्हणाल्या, बाजूला हो. ती म्हणाली, बाई, पुरुषांना बोलावलंय, बायकांना नाही. म्हणाल्या, मीही लोकांमध्येच आहे.

थाळवाला_पुणे

उशिरा आलो. आम्ही बोहरी, घरात उम्मेसलमा नावाच्या दोन मावश्या, त्यामुळे लिहायचा हक्क आहे असं समजतो, मराठी शाळेतली आहे तेव्हा चुका पोटात घाला.

तुम्ही लोकांनी मुलगा सलमा सांगितला, दुसऱ्या मुलाचं, उमरचं, राहिलं. हा पैगंबरांच्या घरातच वाढला. तो स्वतः सांगतो की मी लहान होतो, जेवताना माझा हात सगळ्या ताटभर फिरायचा. तर ते म्हणाले, बाळ, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि तुझ्या समोरचं खा. आमच्याकडे आठ-आठ जण एका थाळाभोवती बसून जेवतात, माझ्या चुलतभावाचा हात कायम माझ्या बाजूच्या मटणात, आणि दर वेळी दादी हीच गोष्ट सांगून त्याचा हात मागे घ्यायला लावायची. तो पोरगा उम्मे सलमांचा हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. 'तुझी मुलं ती माझी मुलं' हे वर वाचलं तेव्हा मला तो थाळ आठवला.

आणि आम्हा शियांमध्ये त्यांचं स्थान वेगळंच आहे, खदीजांच्या नंतर त्यांचं नाव घेतात. पैगंबरांनी जावई अली, मुलगी फातिमा आणि नातू हसन, हुसैन ह्यांना एका चादरीखाली घेतलं ती हदीस त्यांच्याच घरातली आणि त्यांच्याच तोंडची. ६५६ मध्ये बीबी आयेशा अलींच्या विरोधात बसराकडे निघाल्या तेव्हा ह्यांनी त्यांना जाऊ नका असं सांगून बघितलं, आणि स्वतःचा मुलगा उमर ह्याला अलींच्या बाजूने पाठवलं. आणि मोहरममध्ये दर वर्षी ऐकतो ते असं, की करबलाची (जिथे पुढे हुसैन मारले गेले) थोडी माती त्यांच्याकडे बाटलीत जपून ठेवलेली होती, पैगंबरांनी सांगून ठेवलं होतं की ही रक्तासारखी लाल झाली की समज माझा हुसैन मारला गेला. ६८० मध्ये आशूराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या, दिवशी मदिनेत त्यांनी बाटली बघितली... पुढचं मला टाइप करवत नाही, आमच्याकडे इथे रडणं सुरू होतं.

जुनी_पोथी

@थाळवाला_पुणे, बाटलीची परंपरा मुख्यतः तुमच्याकडची, पण सुन्नी संग्रहातही ह्याच्या जवळचं एक आहे. तिर्मिझीत आहे की एक बाई त्यांच्याकडे गेली तर त्या रडत होत्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, आत्ता स्वप्नात पैगंबरांना पाहिलं, डोक्यावर आणि दाढीवर माती होती, विचारलं काय झालं, तर म्हणाले मी आत्ता हुसैनची हत्या पाहून आलो. उम्मे सलमांच्या निधनाच्या वर्षाबद्दल मतभेद आहेत, हिजरी ५९ ते ६२ अशी वेगवेगळी वर्षं देतात, जे ही आठवण धरतात ते अर्थात ६१ च्या (करबलाच्या) नंतरचं मानतात. वय ८४ च्या आसपास. दफन मदिनेत, जन्नतुल बकीमध्ये. पैगंबरांच्या सगळ्या पत्नींमध्ये शेवटी गेलेल्या त्याच, हे तुमच्या गूगलने बरोबर सांगितलं. हदीसही त्यांच्या नावावर भरपूर, ३७८ हा आकडा देतात, पत्नींमध्ये आयेशांच्या खालोखाल. त्यांना प्रश्न विचारायला लोक लांबून यायचे.

शंकासुर

आता एकच शंका राहिली. शाळेच्या दाखल्यावर उम्मे आणि सलमा जोडून लिहायचं की तोडून?

चिंचवडची_आई

@शंकासुर जोडून. विचारलं मी. काल संध्याकाळी तिची आई न्यायला आली तेव्हा धीर करून बोलले, दारातच तासभर उभ्या होतो दोघी, चहाचं पाणी आटून गेलं. मी हुदैबियाचं सांगायला लागले तर ती बघतच राहिली की हिला हे कुठून कळलं. नाव कोणी ठेवलं विचारलं तर म्हणाली, सासूबाईंनी, मला तर सोपंसं हवं होतं, आयरा बियरा. दवाखान्यात फॉर्म भरताना म्हणे सासूबाई बाजूला उभ्या राहून एकेक अक्षर बघत होत्या.

वर्गातल्या बाईंना मी अजून काही बोललेले नाहीये. पण आमची कार्टी आता आल्यागेल्याला सांगत सुटलीये की सलमा मुलगा होता आणि त्याचा हात निखळला होता. सर, तुमचं भादरण्याचंही तिने उचललंय, बाबांना म्हणते नुसतं सांगू नका, आधी तुम्ही फोन ठेवा.